टेनिस एल्बो आणि फिजिओथेरपी : कटिंग टेबलावर काम करत घेतलेला काही महिन्यांचा अनुभव

सोलापुरात शालेय गणवेशांचा हंगाम शाळा उघडेपर्यंत चालतो आणि त्या काळात कटिंग टेबलावरच्या कात्रीला उसंत नसते. माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखू लागले ते याच कामातून. चहाचा कप उचलताना, पिळा घालून कपडे वाळत टाकताना आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी भरलेल्या बादल्या उचलताना कळ थेट मनगटापर्यंत जात असे. हाडांच्या डॉक्टरांनी मूठ आवळून मनगट वर उचलायला सांगितले, वरून दाब दिला आणि टेनिस एल्बोचे निदान केले. त्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेला व्यायाम, कोपराचा पट्टा आणि रबरी दांडा यांविषयी हे लिहीत आहे.

कात्री चालवताना बोटे मिटतात, तरी दुखते मात्र हाताच्या मागच्या बाजूचे, हे मला सुरुवातीला उमगत नव्हते. मूठ आवळताना मनगट खाली वाकू नये म्हणून मागचे स्नायू ते सतत ताणून धरतात आणि या स्नायूंची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला जोडलेली असते. तोच ताण पुन्हापुन्हा पडत राहिला की तिथले तंतू झिजतात. दुखणे जुने झाल्यावर तिथे सूज फारशी उरत नाही, झीज उरते. म्हणून गोळी घेतल्याने कळ दबते, पण कंडरेची ताकद परत येत नाही. त्यासाठी तिच्यावर मोजून-मापून, हळूहळू वाढवलेला भार द्यावा लागतो.

पहिले काही आठवडे केवळ स्थिर व्यायाम होता. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट सरळ, आणि दुसऱ्या हाताने वरून दिलेला दाब तीस ते पंचेचाळीस सेकंद तोलून धरायचा. पुढे पाण्याची बाटली आली. मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवून बाटली दुसऱ्या हाताच्या आधाराने वर न्यायची आणि दुखऱ्या हाताने चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली सोडायची; पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, त्यामुळे बाटलीत थोडे थोडे पाणी वाढवत भार वाढवणे फार सोपे जाते, आणि डंबेल विकत घेण्याची घाई करू नये असे मला वाटते. व्यायाम करताना सोसवेल इतके दुखले तरी चालते; मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर भार कमी करायचा. या एका नियमाने मला सर्वाधिक सावरले. रबरी दांडा पिळून सावकाश सोडण्याच्या व्यायामाचे तत्त्वही हेच आहे. तो दुकानात सहज नेता येतो, एवढाच त्याचा जादा फायदा मला जाणवला.

पट्ट्याबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. तो दुखऱ्या हाडावर न बांधता त्याच्या दोन बोटे खाली, स्नायूच्या मांसल भागावर बांधायचा असतो. काम करताना कळ कमी होते, पण त्याने कंडरा बळकट होत नाही. कामापुरता बांधावा आणि मग सोडावा.

इंजेक्शनचा सल्ला मलाही मिळाला होता. ऑस्ट्रेलियातील 198 रुग्णांवरील एक अभ्यास 2006 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सहा आठवड्यांपर्यंत सरस ठरले, पण वर्षअखेरीस ते घेतलेले रुग्ण इतरांच्या मागे पडले होते. त्याच अभ्यासात, फिजिओथेरपी घेतलेले आणि नुसती वाट पाहिलेले यांच्यातील फरक वर्षअखेरीस जवळजवळ मिटलेला दिसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही मी व्यायामाचीच बाजू घेईन. कारण ज्याचे पोट हातावर आहे त्याच्यासाठी मधले महिने हाच मोठा प्रश्न असतो, आणि नुसत्या वाट पाहण्यातून हात पुढच्या हंगामासाठी तयार होत नाही. सचिन तेंडुलकरवर याच दुखण्यासाठी 2005 मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे अनेकांना टेनिस एल्बो म्हटले की ऑपरेशनच आठवते. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना त्याची गरज पडत नाही.

दुखणे उलटू नये म्हणून केलेले बदल व्यायामाइतकेच महत्त्वाचे ठरले. कात्रीला वेळेवर धार लावली की मुठीचा जोर बराच कमी लागतो. कापडाचे जाड थर तर आता यंत्रानेच कापतो. तागा उचलताना तळवे वर, कोपर थोडे वाकवलेले आणि ओझे अंगाजवळ, ही सवय लावून घेतली. घरी मोठ्या बादलीऐवजी लहान बादल्या भरतो आणि कपडे पिळण्याऐवजी निथळू देतो. खांद्याचे व्यायामही चालू ठेवले आहेत, कारण खांदा दुबळा असला की सारा भार मनगटावर येतो.

आता दिवसभर कटिंग केले तरी कोपर शांत असते, फक्त थंडीत सकाळी थोडा ताठरपणा वाटतो. व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा चालू आहे आणि हंगामाआधी भार पुन्हा वाढवणार आहे. ज्यांना दुखण्यासोबत बोटांना मुंग्या येतात, हात बधिर होतो किंवा मानेतून कळ उतरते, त्यांनी हे व्यायाम परस्पर सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण त्या दुखण्याचे मूळ कोपरात नसून मानेत किंवा नसेत असू शकते.