मार्क्स, दुर्खीम की वेबर? मुंबईवर काम करणाऱ्यानं कुणाचा हात धरावा

एम.ए.चा लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा आराखडा, 'सैद्धांतिक चौकट' (कुणाच्या सिद्धांतातून विषयाकडे पाहायचं) या प्रकरणाशी येऊन बहुतेकांची गाडी अडते. मार्गदर्शक विचारतात, चौकट कुणाची? आणि दोन आठवड्यांत उत्तर हवं असतं. मार्क्स, दुर्खीम आणि वेबर या समाजशास्त्रातल्या तिघा मोठ्या विचारवंतांची ओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो. वर्गसंघर्ष म्हणजे काय, सेंद्रिय ऐक्य म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. माझा विषय गिरणगाव, म्हणजे मुंबईतली कापडगिरण्यांची वस्ती, होता आणि ही निवड मलाही करावी लागली. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते लालबाग-परळच्या चाळींत बसून सुचलेलं आहे. तुमचा विषय ऐरोलीतलं कॉल सेंटर असेल तर काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

मुंबईत राहून मार्क्सला नाही म्हणणं अवघड. हे शहर जणू त्याच्यासाठीच उभं राहिलं असं वाटावं, इतका मालमसाला इथे आहे. 1854 मध्ये पहिली गिरणी निघाली, 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, 1890 मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली आणि 1982 च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतरची जमिनीची गोष्ट तर मार्क्सशिवाय सांगताच येत नाही. 1991 च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा पालिका, म्हाडा आणि मालक यांना मिळायचा होता. 2001 च्या बदलानंतर ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल उचलून धरला. ज्या जमिनीवर साचे (कापड विणायचे माग) धडधडायचे तिथे आज मॉल आहेत. कापडापेक्षा जागा किमती झाली की भांडवल काय करतं, हे समजून घ्यायचं तर मार्क्स हवाच.

मग अडलं कुठे? धोट्यापाशी, मागावर आडवं सूत नेणाऱ्या त्या छोट्या साधनापाशी.

1853 मध्ये मार्क्सनं न्यूयॉर्कच्या एका दैनिकात भारतावर लिहिलं. बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. रेल्वेमुळे येणारे आधुनिक उद्योग जातींच्या मुळाशी असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील, असं भाकीत त्यानं केलं. उद्योग आले, गिरण्या आल्या. आणि त्याच गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, दलितांना प्रवेश नव्हता. धोट्यातलं सूत संपलं की नवी कांडी घालायची आणि भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यायचं, अशी कामाची रीत होती. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणून सवर्ण कामगारांनी दलितांना तिथे येऊ दिलं नाही. जास्त पगाराचं काम साचेखात्यातलं; दलित सूत कातायच्या, कमी पगाराच्या रिंगखात्यात अडकून पडले. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा कुठे तो मागण्यांच्या यादीत आला.

चाळीतल्या एका निवृत्त साचेवाल्यानं हे त्याच्या वडिलांच्या काळातली गोष्ट म्हणून सांगितलं होतं. संपाच्या आठवणींनी त्याचा आवाज चढला होता, आणि त्याच ओघात तो म्हणाला, "युनियन एकच होती, पण धोटा नव्हता एक." हे वाक्य मार्क्सच्या चौकटीत बसवायला गेलं की खाली लिहावं लागायचं, 'वर्गजाणीव अद्याप परिपक्व झालेली नव्हती.' पाण्याच्या वेगळ्या माठाचा प्रसंग आला, पुन्हा तेच. लग्नसंबंधांचा प्रश्न आला, पुन्हा तेच. समोरचा माणूस आपलं कारण स्वतःच्या तोंडानं सांगतोय आणि चौकट म्हणते, हे तुझं खरं कारण नव्हेच. बाकी सगळं चालवून घेतलं असतं, पण हे मला चालवून घेता आलं नाही.

मार्क्सवाद्यांनी जातीचा विचार केलाच नाही, असं मात्र म्हणायचं नाही. धुळ्याचे मार्क्सवादी विचारवंत शरद पाटील यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र आणण्यात आयुष्य घातलं. मार्क्सच हवा असेल तर त्यांच्या वाटेनं जा. नुसत्या जर्मन मार्क्सवर गिरणगाव उभं राहत नाही, एवढंच माझं म्हणणं.

दुर्खीमकडे लोक जरा उगाचच नाक मुरडतात. परीक्षेपुरती यांत्रिक आणि सेंद्रिय ऐक्याची जोडी पाठ केली की झालं, अशी समजूत आहे. 1893 च्या श्रमविभाजनावरच्या ग्रंथाचा शेवटचा भाग कुणी फारसा उघडत नाही. लादलेल्या श्रमविभाजनावर तो तिथेच लिहितो. आणि गणेशोत्सव, दहीहंडी, चाळीतली ग्रामस्थ मंडळं यांच्यावर काम करत असाल तर 1912 च्या धर्मावरच्या ग्रंथाइतका उपयोगी आधार दुसरा नाही. गर्दीत माणूस स्वतःपेक्षा मोठ्या कशाचा तरी भाग होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याच्याइतकं नेटकं क्वचितच कुणी मांडलंय. 1982 चा संप फसल्यावर घराघरांत जी पोकळी आली तिलाही त्याची प्रमाणकशून्यता (जगण्याचे नेहमीचे नियमच सुटून जाणं) बऱ्यापैकी लागू पडते.

माझी अडचण होती ती पायऱ्यांची. सारखेपणावर उभं असलेलं जुनं, यांत्रिक ऐक्य ओसरतं आणि त्याच्या जागी कामाच्या वाटणीतून, एकमेकांवर अवलंबून राहण्यातून नवं, सेंद्रिय ऐक्य येतं, असा त्याचा एकंदर रोख आहे. गिरणगावात दोन्ही एकाच वेळी नांदत होती. जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, आपल्या गावच्या पोरांना कामाला लावायचा, ती पोरं गावच्याच गाळ्यात राहायची, गावच्याच खानावळीत जेवायची आणि सकाळी भोंगा झाला की यंत्रापुढे उभी राहायची. जुनं जातंय कुठे? नव्या कारखान्याची भरतीच जुन्या नात्यावर चालली होती. आणि 1936 मध्ये आंबेडकरांनी जे म्हटलं, की जात ही श्रमांचीच नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, ते श्रमविभाजनातून ऐक्य येतं म्हणणाऱ्या दुर्खीमला जास्तच लागतं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेलचं नाव काही जण सुचवतील. महानगरी मनावरचा त्याचा 1903 चा निबंध लोकल ट्रेनवर लिहिणाऱ्यांनी जरूर वाचावा. मात्र त्यावर पूर्ण प्रबंध तोलून धरणं जड जातं.

उरला वेबर. वाचायला तो रुक्ष आहे, हे आधीच सांगून ठेवतो. व्याख्यांवर व्याख्या, आणि काय करावं याबद्दल एक शब्द नाही. चळवळीतून आलेल्या मित्रांना तो म्हणूनच थंड वाटतो, आणि त्यांचं वाटणं समजण्यासारखं आहे. भारतावर त्यानं 1916-17 मध्ये लिहिलं, पण तो इथे कधी आला नव्हता. हिंदू धर्म आणि भांडवलशाहीबद्दलचे त्याचे निष्कर्ष मी जसेच्या तसे घेतले नाहीत, तुम्हीही घेऊ नका.

तरी दोन गोष्टी त्याच्याकडेच मिळाल्या. एक, वर्ग (आर्थिक स्थान) आणि दर्जा (समाजातला मान) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दुसऱ्यात विरघळून जाईलच असं नाही, हे तो सुरुवातीलाच मान्य करतो. ज्याच्या हाती संधी आहे तो गट दुसऱ्यांसाठी दार कसं बंद करतो, हे तो सांगतो. साचेखातं यात जसंच्या तसं बसतं. त्याच माणसांनी खांद्याला खांदा लावून संपही केला, हेही बसतं. दुसरी गोष्ट, माणूस आपल्या वागण्याला जो अर्थ देतो तिथून तो सुरुवात करतो. त्यामुळे मुलाखतीतलं वाक्य खोडावं लागत नाही.

आणि कागद. गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज करणाऱ्या एका आजोबांनी माझ्यापुढे प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली होती. लॅमिनेशन केलेलं गिरणीचं ओळखपत्र, फंडाच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डाची झेरॉक्स, गिरणीतला तिकीट नंबर लिहिलेला पिवळा पडलेला कागद. अख्खी चाळ त्यांना साचेवाला म्हणून ओळखते, पण एका कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे म्हणून फाईल परत आलेली. खिडकीपलीकडच्या कारकुनाचा त्यांच्यावर राग नव्हता, लोभही नव्हता; नियमाप्रमाणे कागद जुळत नव्हता इतकंच. व्यक्ती न पाहता चालणाऱ्या यंत्रणेबद्दल वेबरनं लिहिलेली पानं मी त्या रात्री पुन्हा काढून वाचली.

तुमचा विषय जमीन, बिल्डर, भाडं असा असेल तर मी आग्रह धरणार नाही, मार्क्स घ्या. मंडळं, उत्सव, शाळा असेल तर दुर्खीम. पण माणसांशी बोलून काम करणार असाल आणि त्यात जात येणार असेल, आणि मुंबईत ती येतेच, तर मला वाटतं वेबर कमी त्रास देईल. त्याचा जाडा ग्रंथ आधी हाती घेऊ नका. वर्ग, दर्जा आणि पक्ष यांवरची थोडीशी पानं तेवढी वाचा, शेजारी आंबेडकरांचं 1936 चं न झालेलं भाषण ('अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट') ठेवा, आणि मग पहिल्या मुलाखतीला जा.