फेरारी ३०८, ३२८ की टेस्टारोसा: मीटर बघून घ्यायची की तब्येत बघून?

एक लाख डॉलरच्या आसपास बजेट आणि ७०-८० च्या दशकातली फेरारी, एवढं ठरलं असेल तर समोर मुख्यतः तीन नावं येतात, ३०८, ३२८ आणि जरा ताणलं तर टेस्टारोसा. पण खरा गोंधळ मॉडेलचा नसतोच. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या, एकीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट, फोटोत दोन्ही सारख्याच लाल आणि सारख्याच चकचकीत, तिथे माणूस अडकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, चालवायला घेत असाल तर मीटर बघून पैसे देऊ नका, जुन्या बिलांची फाइल बघून द्या. खालच्या सगळ्या किमती अमेरिकेतल्या धरल्यात, गेल्या काही वर्षांतल्या ऑनलाइन लिलावांवरून ढोबळ काढलेल्या, कारण तिथले सौदे सगळ्यांना उघड दिसतात. भारतात आणायचे नियम वेगळे आणि कडक आहेत, त्यामुळे हा हिशेब तिकडेच राहणाऱ्यांसाठी.

आधी गाड्या कोणत्या ते पटकन. ३०८ आली १९७५ ला पॅरिसच्या शोमध्ये, डिझाइन पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचं, सीटमागे आडवं बसवलेलं २.९ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्यावर चार वेबर कार्ब्युरेटर. पहिल्या ७१२ गाड्यांची बॉडी फायबरग्लासची होती, त्यांना वेत्रोरेझिना म्हणतात आणि त्यांचा बाजारच वेगळा आहे, दीड-दोन लाखांचा, म्हणून त्या बाजूला ठेवू. नंतर पत्र्याची बॉडी आली आणि १९७७ ला छप्पर काढता येणारी जीटीएस. १९८० ला धुराच्या नियमांपायी कार्ब्युरेटर जाऊन बॉशचं फ्युएल इंजेक्शन आलं आणि ताकद चांगलीच पडली, युरोपातल्या गाडीला २१४ हॉर्सपॉवर, अमेरिकेतल्या गाडीला त्याहूनही कमी. हीच ती जीटीएसआय, सगळ्यात स्वस्त मिळणारी. १९८२ ला प्रत्येक सिलेंडरला चार व्हॉल्व्ह देऊन क्वात्रोवाल्व्होले काढली, ताकद परत २४० वर गेली, आणि १९८५ ला ३.२ लिटरची, २७० हॉर्सपॉवरची ३२८.

भाव साधारण असे दिसतात. जीटीएसआय नीट चालणारी असेल तर ४५ ते ६५ हजार. पत्र्याची कार्ब्युरेटरवाली आणि क्वात्रोवाल्व्होले ७० हजार ते एक लाख. ३२८ जीटीएस ८५ हजार ते १ लाख ३० हजार, पण तीच दहा हजार मैलांच्या आत चाललेली असेल तर दीड लाख आणि त्याच्या वर. टेस्टारोसा चाललेली असेल तर १ लाख १० हजारापासून दीडपर्यंत, कमी चाललेली दोन लाख ओलांडते.

आता मीटरचा आकडा एवढा महाग का, तर त्याचं कारण संख्येत आहे. ३२८ जीटीएस ६,०६८ बनल्या. म्हणजे ही गाडी दुर्मिळ नाही, कधीही बघा, कुठे ना कुठे विकायला असतेच, मग घेणाऱ्याला एक दुसरीपेक्षा वेगळी ठरवायला काहीतरी लागतं आणि मीटर हा सगळ्यात सोपा आकडा असतो. खरोखर दुर्मिळ गाडीला ना मीटर लागतं ना तब्येत. २०१५ ला पॅरिसच्या लिलावात बायों या फ्रेंच कुटुंबाच्या कलेक्शनमधली २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, वर्षानुवर्षं मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून राहिलेली, फी धरून १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली, तशीच्या तशी, धुळीसकट. २०२३ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या लिलावात ५०० मोंदियाल या जुन्या रेसिंग फेरारीचा अपघातात जळालेला, चेपलेला सांगाडा १८ लाख ७५ हजार डॉलरला विकला गेला, तिथे लोकांनी पैसे दिले ते चेसिस नंबरला आणि रेसिंगच्या इतिहासाला. ही उदाहरणं वाचून कुणी पडीक ३०८ उचलत असेल तर कृपा करून थांबा, हजारोंनी बनलेल्या गाडीला तो नियम लागत नाही. तिथे तब्येत हीच किंमत.

तब्येत मोजायला अमेरिकेतले प्राइस गाइड १ ते ४ असे नंबर देतात. १ म्हणजे स्पर्धेत उभी करायच्या लायकीची, २ म्हणजे जवळून बघितल्यावरच काही दिसेल अशी, ३ म्हणजे रस्त्यावर छान चालणारी पण वय दिसणारी, ४ म्हणजे बरंच काम करावं लागेल अशी. खरेदीला येणाऱ्या बहुतेक गाड्या ३ असतात आणि विकणारा २ सांगतो. ४ ची घेऊन २ करू हा विचार सगळ्यात महागात पडतो, कारण फेरारीचे सुटे भाग आणि मजुरी गाडीच्या बाजारभावाकडे बघत नाहीत. ५० हजारांच्या जीटीएसआयचं इंजिन खोलायला जवळपास तेवढेच पैसे लागतात जेवढे लाखाच्या ३२८ ला. पूर्ण रंगकाम नीट करायचं तर वीस-तीस हजार, इंजिन बांधायचं तर त्याहून जास्त, आतलं लेदर वेगळं. म्हणजे ४० हजारांची ४ नंबरची घेतली, त्यावर ६० हजार घातले आणि हातात आली ती ७० हजारांची गाडी. हे ज्यांना स्वतःच्या हातांनी काम करायची हौस आहे त्यांनीच करावं.

बरं, आता दोन ३२८ शेजारी शेजारी उभ्या करून बघा. पहिली ६ हजार मैल चाललेली, मूळ रंग, १ लाख ६० हजार. दुसरी ४८ हजार मैल, एकदा रंगवलेली, पण सुरुवातीपासूनची सगळी बिलं फाइलला, ९५ हजार. पहिली बघताना आधी टायर बघा, त्यावर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कमी चाललेल्या गाडीला टायर झिजलेले नसतात म्हणून कुणी बदलत नाही, आणि पंधरा वर्षांचं कडक झालेलं रबर २७० हॉर्सपॉवरखाली घेऊन जाणं धोक्याचं आहे. जे टायरचं तेच टायमिंग बेल्टचं, तो मैलांवर नाही तर वर्षांवर म्हातारा होतो, तीन ते पाच वर्षांनी बदलतात, आणि तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोलचे होज कडक होतात, बॉशच्या इंजेक्शनमधला फ्युएल डिस्ट्रिब्युटर चिकटतो, ब्रेक कॅलिपर जाम होतात, वॉटर पंपाचं सील गळायला लागतं. म्हणजे ६ हजार मैलवाली घेऊन चालवायची ठरवली की पहिल्याच वर्षी दहा-पंधरा हजार सहज जातात, आणि वर प्रत्येक मैलाला तुम्ही ज्यासाठी जास्तीचे ६५ हजार दिले तीच गोष्ट कमी होत जाते. मला या गणितात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, गाडी घेतली पण ती रविवारी सकाळी बाहेर काढताना जीव खालीवर होतोय.

दुसरीचं उलटं आहे. ४८ हजारावर अजून पाच हजार चालवले तरी किमतीत फारसा फरक पडत नाही, कारण ती आधीच चाललेली गाडी म्हणून विकली गेलीय. बेल्ट कधी बदलले, क्लच कधी टाकला, फ्यूज बॉक्स गरम होऊन वितळायची जी जुनी खोड आहे ती सुधारून घेतली का, हे सगळं बिलात दिसतं. आणि या गाड्या तशा दणकट आहेत, ३०८-३२८ चा बेल्ट इंजिन खाली न उतरवता बदलता येतो, त्यामुळे मोठी सर्व्हिस पाच ते आठ हजारात होते, चाळीस-पन्नास हजार मैल हे त्या इंजिनाला काहीच नाही.

मीटरवर विश्वास किती ठेवायचा हाही प्रश्न आहेच. सुरुवातीच्या ३०८ चं मीटर केबलवर चालतं, केबल काढून ठेवली की आकडा जिथल्या तिथे, आणि त्या काळात हे होत होतं. शिवाय ८० च्या दशकात युरोपातून बऱ्याच गाड्या खाजगीरीत्या अमेरिकेत आल्या, त्यांचे किलोमीटरचे मीटर काढून मैलांचे बसवले, त्यामुळे आज मीटरवर २५ हजार दिसतात पण आधीचे किलोमीटर किती ते फक्त जुन्या बिलांवरूनच कळतं. युरोपातली जाहिरात वाचताना पण लक्ष द्या, ६० हजार किलोमीटर म्हणजे साधारण ३७ हजार मैल, लोक घाईत हे विसरतात आणि चांगली गाडी सोडून देतात. म्हणून मी म्हणतो की ज्या कमी मैलांच्या मागे वर्षवार बिलं नाहीत ते मैल फुकट समजा, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

टेस्टारोसाबद्दल मात्र माझं मत थोडं बदलतं. १९८४ ची, जवळपास पाच लिटरचं बारा सिलेंडरचं इंजिन, ३९० हॉर्सपॉवर, ७,१७७ बनल्या. सुरुवातीच्या गाड्यांना एकच आरसा, तोही वर, पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या मध्यावर लावलेला, त्यांना मोनोस्पेक्यो म्हणतात आणि जमा करणारे त्याचे जास्त देतात. इथे बेल्ट बदलायला अख्खं इंजिन गिअरबॉक्ससकट खाली उतरवावं लागतं, दहा-पंधरा हजार कुठेच गेले नाहीत, आणि जोरात क्लच सोडून पळवलेल्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग, फुटायची भीती असते. त्यामुळे इथे स्वस्त गाडी ही बहुतेक वेळा सर्व्हिस तुंबलेली गाडी असते. १ लाख १५ हजाराची, इंजिन शेवटचं कधी उतरवलं ते माहीत नसलेली टेस्टारोसा घेण्यापेक्षा दीड लाखाची, गेल्या दोन वर्षांत काम झालेली घ्यावी, आणि एवढे पैसे नसतील तर ३२८ वरच थांबावं. एक लाखात टेस्टारोसा बसवायचा हट्ट करू नका.

जीटीएसआयला लोक कमी ताकदीची म्हणून नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. दिसायला तीच गाडी, तोच गेट असलेला, म्हणजे धातूच्या खाचांतून लिव्हर फिरवायचा गिअरबॉक्स, आवाजही जवळपास तोच, आणि ३२८ च्या अर्ध्या पैशात. फक्त पत्रा बघा, दरवाज्यांचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दाराखालचे पट्टे, गंज तिथूनच सुरू होतो. ३२८ मध्ये हा त्रास बराच कमी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन जा, कुठे फिलर भरलाय ते लगेच कळतं. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर फॅक्टरीच्या नोंदीशी जुळतात का हे तपासा, फेरारीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाचं, फेरारी क्लासिकेचं, अस्सलपणाचं सर्टिफिकेट असेल तर उत्तम, पण ते नाही म्हणून ३०८ सोडू नका. टूल किट, मॅन्युअलचं लेदरचं पाकीट असल्या गोष्टी क्षुल्लक वाटतात पण वेगळ्या घ्यायला गेलं की हजारो डॉलर लागतात, त्यामुळे भाव करताना त्या आहेत की नाहीत हे विचारा.

माझ्या हातात एक लाख असते तर ८५-९५ हजारांची, ४०-५० हजार मैलांची ३२८ जीटीएस घेतली असती आणि उरलेले पहिल्या सर्व्हिसला ठेवले असते. ६० हजार असते तर गंज नसलेली जीटीएसआय. दोन्ही वेळेला फेरारीचं काम रोज करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी आणि लीकडाउन टेस्ट (सिलेंडरमधून हवेचा दाब किती गळतो ते बघणारी चाचणी) करून, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, इंजिन थंड हवंय. थंड असताना दुसरा गिअर अडला तर घाबरू नका, या गिअरबॉक्सची ती सवयच आहे, तेल गरम होईपर्यंत लोक पहिल्यावरून सरळ तिसऱ्यात टाकतात. गरम झाल्यावरही अडला तर मात्र सिंक्रो (गिअर अलगद पडायला मदत करणारी रिंग) गेलाय, त्याचे पैसे किमतीतून कापून घ्या.