उबुंटूचं अनअटेंडेड अपग्रेड्स: अपडेट त्याच्यावर सोपवा, रीबूट स्वतः करा

लातूरच्या काही क्लासेसच्या वेबसाइट आणि ऑनलाइन टेस्टचे सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, मी इथं औसा रोडला. नीटची पोरं सकाळी सातला टेस्टला बसतात. उदगीर, अहमदपूर, नांदेडकडची बरीचशी घरूनच, मोबाइलवर. त्या वेळात सर्व्हर दोन मिनिटं जरी गेला तरी पोरांचा जीव टांगणीला लागतो. उबुंटू या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारं, अपडेट आपोआप टाकणारं अनअटेंडेड अपग्रेड्स मी या नजरेनं पाहतो. पाचपैकी चार तारे.

सुरक्षेचे अपडेट ते रोज स्वतः टाकतं, आणि हे काम चोख करतं. आपल्याकडच्या माणसाला त्याचा आणखी एक फायदा आहे. हातानं अपडेट टाकताना मध्येच लाइट गेली, राउटर बंद पडला, तर कनेक्शन तुटतं आणि पॅकेज अर्धवट बसायची भीती असते. (हातानं टाकायचेच असतील तर टीमक्समध्ये टाका, कनेक्शन तुटलं तरी त्यातलं काम सर्व्हरवर चालूच राहतं.) हे मात्र सर्व्हरवरच चालतं, इथल्या लाइटशी त्याला देणंघेणं नाही.

पाचवा तारा कापला तो वेळेपायी. क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. रोजचे अपडेट सहा ते सातच्या दरम्यान बसतात, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा ते साडेबारा. त्यात मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा अपडेट आला की ते भर दुपारी रीस्टार्ट होतं. मी मायएसक्यूएल वगळायच्या यादीत टाकलंय. त्याचे अपडेट रात्री हातानंच टाकतो.

आपोआप रीबूटची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते, ती बंदच ठेवा. सेटिंगच्या फाइलमध्ये तिच्यासाठी रात्री दोनची वेळ नमुन्याला दिलेली आहे. यूटीसीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात, ऐन टेस्टची वेळ! ‘कुणी लॉगिन असेल तर रीबूट करू नको’ असंही सांगता येतं, पण त्यात फक्त सर्व्हरवर लॉगिन केलेली माणसं मोजली जातात. वेबसाइटवर पेपर सोडवणारी पोरं त्याच्या हिशेबात नसतातच.

रीबूट टाळूनही चालत नाही. नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, डिस्कवर येऊन बसतं, पण चालू असतं ते जुनंच, आणि भोक तसंच उघडं राहतं. रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल तयार झाली की मी रविवारचे निकाल लावून झाल्यावर रात्री अकरानंतरची वेळ धरतो आणि क्लासच्या सरांना आधी कळवतो. डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घेतो, मग स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची प्रत. होस्टिंगवाल्याचा वेब कन्सोल उघडून त्यात लॉगिन होतंय का ते पाहतो, कारण सर्व्हर उठलाच नाही तर एसएसएचचा, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या नेहमीच्या वाटेचा, उपयोग शून्य. कन्सोलवरूनच ग्रब या बूट मेनूमध्ये जाऊन जुनं कर्नल निवडता येतं.

त्यानंतर एन्जिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरची कॉन्फिग तपासतो. कुणीतरी कधीतरी तिच्यात चूक करून ठेवलेली असते, चालू एन्जिनएक्सला ती दिसत नाही, रीबूटनंतर मात्र ते उठतच नाही आणि खापर फुटतं अपडेटवर. मायएसक्यूएल, पीएचपी बूटवर आपोआप सुरू होतात का, हेही तेव्हाच पाहून घ्यायचं. दुसऱ्याकडून हाती आलेला सर्व्हर असेल तर नवे अपडेट टाकण्याआधीच एकदा रीबूट करावा. दुखणं जुनं की नवं, ते लगेच कळतं.

सर्व्हर उठल्यावर पडलेल्या सर्व्हिसची यादी पाहतो आणि एक नमुना टेस्ट स्वतः मोबाइलवर सोडवून सबमिट करतो. मुखपृष्ठ उघडलं एवढ्यावर मी कधीच थांबत नाही.

जोडीला उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचं लाइव्हपॅच घ्या. कर्नलमधली गंभीर भोकं ते चालू सर्व्हरवरच बुजवतं, त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात रीबूट रविवारपर्यंत नेता येतो. रीबूटची गरज त्यानं संपत नाही, आणि ओपनएसएसएलसारख्या कर्नलबाहेरच्या गोष्टींना ते हात लावत नाही. कॅनॉनिकलच्याच उबुंटू प्रो सेवेच्या खात्यात ५ मशीनपर्यंत ते फुकट आहे. माझे सर्व्हर तेवढ्यात बसतात.