हॅवलॉक झालं, आता पुढे? लाँग आयलंड, डिगलीपूर की लिटल अंदमान

मराठी कुटुंबांची अंदमानची सहल बहुधा ठरलेली असते. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी, मग हॅवलॉक, जमलं तर नील, आणि परतीचं विमान. (2018 मध्ये ही दोन बेटं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, बोलताना अजून जुनी नावंच जास्त ऐकू येतात, म्हणून इथेही तीच.) एवढ्यावर समाधान होत नसेल आणि हाताशी चार-पाच दिवस जास्त असतील, तर पुढची तीन नावं ही.

कोणता किनारा जास्त सुंदर, यावर डोकं खपवू नका. वाळू आणि पाणी तिन्हीकडे फोटोत दिसतं तसंच आहे. नुसता एकांतच हवा असेल तर तो कोकणातही आडवाटेला मिळतो. इथे निवड करायची ती पोचायचं कसं आणि परत फिरताना अडकायची तयारी किती, यावर.

डिगलीपूर उत्तर टोकाला, पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर. बस पहाटे निघते आणि अख्खा दिवस खाते. वाटेत जारवा या आदिवासी जमातीचं राखीव जंगल लागतं. तिथून गाड्या ठरलेल्या वेळी, पोलीस बंदोबस्तात, ताफ्यानेच सोडतात. मध्ये थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. अंग आंबून जातं खरं, पण समुद्र खवळला तरी रस्ता सहसा चालू असतो. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर ही खात्री मोलाची.

बहुतेक जण इथे येतात ते रॉस आणि स्मिथ या जोडबेटांसाठी. ओहोटीला दोघांमध्ये वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. एरियल बे जेटीवर वनखात्याची परवानगी घ्यायची आणि छोट्या बोटीने जायचं. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा विचारा, नाहीतर पट्टा पाण्याखाली असायचा. पोर्ट ब्लेअरसमोरचं, ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींचं रॉस वेगळं. बुकिंग करताना हा घोळ हमखास होतो. मला स्वतःला मात्र त्या पट्ट्यापेक्षा कालीपूरचा किनारा मोठा वाटतो. एकाच किनाऱ्यावर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि अवाढव्य लेदरबॅक. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा मुख्य काळ. शिवाय जवळच 732 मीटरचं सॅडल पीक, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. पाय मजबूत असतील तर चढा.

लाँग आयलंडचं गणित उलटं. बेट लहान, बघायच्या ठिकाणांची यादी आखूड. पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोट मिळते, नाहीतर मध्य अंदमानातल्या रंगत गावापर्यंत बसने जाऊन येराट्टा जेटीवरून बोट. गावात गाड्यांची वर्दळ नाही. एके काळी प्लायवूडचा कारखाना होता, तो कधीच बंद पडला. लालाजी बे हा इथला मुख्य किनारा. जंगलातून दीड-दोन तास चाला किंवा डोंगीने (छोट्या होडीने) थोडक्यात पोचा. मी म्हणेन, जाताना चालत, येताना डोंगीने. राहायच्या जागा मोजक्या आणि साध्या, जेवण सांगितलं तर मिळेल. पैसे आधीच, पोर्ट ब्लेअर किंवा रंगतला, काढून घ्या. ज्यांना संध्याकाळी सातनंतर ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न पडतो, त्यांनी या बेटाच्या वाटेला जाऊ नये.

लिटल अंदमान तिघांत सर्वांत दूरचं वाटतं. ते पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला, हट बे जेटीपर्यंत जहाजाने सात-आठ तास. 2004 च्या त्सुनामीने हट बेचं मोठं नुकसान केलं होतं. बटलर बेच्या लाटांवर सर्फिंग करणारे मुद्दाम इथवर येतात. बाकी दोन धबधबे, जुन्या पाम-लागवडी आणि लांबच लांब रिकामा किनारा. बेटाचा काही भाग ओंगे जमातीसाठी राखीव आहे, त्यांची संख्या शंभराच्या आसपास उरली आहे. तिकडे पर्यटकांनी फिरकायचं नाही. आणि मगरी! खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात बऱ्याच ठिकाणी आहेत, म्हणून खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका आणि इतरत्रही गावकऱ्यांना विचारूनच पोहा.

अडचण एकच, पण मोठी: हवा बिघडली की जहाज रद्द. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी असेल तर लिटल अंदमानचं नाव काढू नका, मध्ये निदान दोन दिवस मोकळे ठेवा. शिवाय इथून परत पोर्ट ब्लेअरलाच यावं लागतं, त्यामुळे ते दुसऱ्या कशाला जोडता येत नाही.

उरलेली दोन मात्र एकाच वाटेवरची आहेत. आठवडा मिळत असेल तर मी अशी आखणी करेन: पोर्ट ब्लेअरहून बोटीने लाँग आयलंड, तिथून येराट्टामार्गे रंगत, मग बसने मायाबंदरवरून डिगलीपूर, आणि परत येताना सलग रस्त्याने. जाताना बोट रद्द झाली तरी रंगतची बस असतेच.