इंजिन उतरवल्याचे ३८,००० घेतले, पुलीच्या नटाला पानासुद्धा लावला नव्हता

मी फसलो त्या गॅरेजात गेल्या आठवड्यात एक अँबेसिडर उभी दिसली. तिच्या मालकांना मला सांगितलं तेच सांगणं चाललं होतं, "पुढचं ऑइल सील गेलंय काका, इंजिन उतरवावं लागेल." म्हणून हे लिहितोय. ऑइल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसून तेल आत अडवणारी कडी.

माझी गाडी १९७३ ची. कागदावर प्रीमियर प्रेसिडेंट, घरात मात्र वडिलांनी आणली त्या दिवसापासून फियाटच. पावसाळ्यानंतर पार्किंगमध्ये तेलाचे थेंब दिसायला लागले. बॉनेट उघडलं तर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या रेषेत तेल उडालेलं, फॅन बेल्ट ओला. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं न पाहिलं आणि "विंटेज गाडी आहे, क्रँकचं काम निघणार" म्हणून ३८,००० सांगितले. वडिलांची गाडी, मी घासाघीस केली नाही. बारा दिवसांनी बिल आलं: इंजिन उतरवणे, क्रँक पॉलिश, सील, गॅस्केट सेट. जुना पार्ट मागितला तर एक सील हातावर ठेवलं. दीडशे किलोमीटरमध्ये पुन्हा थेंब. उत्तर मिळालं, "जुनी गाडी तेल टाकणारच."

पुण्यात नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मला एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी हात लावायच्या आधी मला टॉर्च धरायला सांगितलं. पुलीच्या नटावर जुना गंज जसाच्या तसा. तो नट सुटल्याशिवाय पुली निघत नाही आणि पुली निघाल्याशिवाय सील दिसतही नाही. इंजिन माउंटिंगच्या बोल्टांवर कित्येक वर्षांची माती. टायमिंग कव्हरच्या, म्हणजे हे सील ज्यात बसतं त्या इंजिनच्या पुढच्या झाकणाच्या, कडेला बाहेरून सिलिकॉन फासलेलं, बस्स. मला दिलेल्या सीलला त्यांनी व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला. ते दुसऱ्याच कुठल्या गाडीचं निघालं. तेव्हा मला खरोखर रडू आलं.

काम इंजिन जागेवर ठेवूनच झालं. रेडिएटर, बेल्ट, पुली, मग कव्हर. आतलं सील लाकडासारखं कडक झालेलं, आणि पुलीच्या हबवर, म्हणजे सीलमधून जाणाऱ्या मधल्या गोल भागावर, सीलच्या आतल्या कडेने घासून पाडलेली चर नखाला लागत होती. नुसतं नवं सील टाकलं असतं तर तेही लवकरच गळलं असतं. लेथवाल्याकडून हबवर स्टीलची पातळ स्लीव्ह बसवून घेतली. ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी, काजळीने बुजला होता. आतला दाब बाहेर पडायला वाट नाही, मग तो सीलपाशीच तेल ढकलतो. हे पुष्कळ मिस्त्री बघतच नाहीत. कव्हर बसवताना बोल्ट ढिले ठेवून आधी पुली सरकवली, सील मधोमध आल्यावरच ते आवळले. एकूण खर्च ४,२०० रुपये.

गाडी गॅरेजात सोडण्याआधी पुलीच्या नटावर आणि माउंटिंगच्या बोल्टांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून फोटो काढून ठेवा. पुली काढलेली असताना स्वतः जाऊन बघा. जाऊ देत नसतील तर गाडी तिथे ठेवू नका. त्या अँबेसिडरवाल्या काकांना मी बाहेर गाठून एवढंच सांगितलं.

पैसे मागायला गेलो तर "बिलावर सही तुमचीच आहे" असं ऐकून घ्यावं लागलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल, ते परकं सील आणि गंजलेल्या नटाचे फोटो एका पाकिटात घालून ठेवलेत.