होमस्टेच्या बुकिंगसाठी झॅपियर, मेक की एन-एट-एन?

पाचसहा खोल्यांच्या होमस्टेचं काम साधारण असं: बुकिंगचा मेल आला की गूगल शीटमध्ये ओळ भरायची, कॅलेंडरवर तारीख अडवायची, केअरटेकरला टेलिग्रामवर कळवायचं. महिन्याला ४० बुकिंग धरू. झॅपियर, मेक आणि एन-एट-एन ही टूलं वेगवेगळी अ‍ॅप जोडून अशी कामं आपोआप करतात. टूल घेण्याआधी ते कामाची मोजणी कशी करतं तेवढं नीट बघा.

झॅपियर शिकायला सर्वांत सोपं. तिथे पार पडलेली प्रत्येक कृती म्हणजे एक टास्क. ट्रिगर, म्हणजे काम सुरू करणारी घटना (इथे मेल येणं), मोजत नाहीत. बुकिंगमागे तीन कृती म्हणजे आपल्याला महिन्याला १२० लागतात, फुकट प्लॅन १०० वर थांबतो. शिवाय त्यात ट्रिगर धरून दोनच पायऱ्या जोडता येतात, म्हणजे शीट भरली की कॅलेंडर राहिलंच.

मेकच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १,००० क्रेडिट मिळतात (क्रेडिट म्हणजे मेकचं मोजणीचं एकक) आणि तिन्ही कामं बसतात. पण जीमेलचा ट्रिगर दर १५ मिनिटांनी लावलात तर नवा मेल नसला तरी प्रत्येक तपासणीला एक क्रेडिट जातं. दिवसाला ९६, महिन्याला २,८८०! दहा-अकरा दिवसांत कोटा संपतो आणि ऐन डिसेंबरात बुकिंग शीटवर उतरेनाशी होतात. त्याऐवजी मेलहुक वापरा, म्हणजे मेल आला की लगेच काम सुरू करणारा ईमेल पत्ता. मेकने दिलेला पत्ता जीमेलच्या फॉरवर्डिंगमध्ये टाका. पडताळणीचा कोड त्याच मेलहुकवर येतो, सिनॅरिओ (मेकमध्ये जोडलेली कामांची साखळी) एकदा चालवून तो कोड वाचायचा. मग फिल्टर लावून फक्त बुकिंगचेच मेल पुढे पाठवा. बुकिंगमागे ४ क्रेडिट (मेलचं एक, तीन कामांची तीन), महिन्याला १६०. लहान होमस्टेला आम्ही हेच सुचवू.

एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर मोजणीच नाही. पण ते घरच्या पीसीवर ठेवू नका. म्हापशात काय नि काणकोणात काय, पावसात वीज गेली की सगळंच बंद. भाड्याच्या सर्व्हरवर डॉकरने (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) बसवताना डेटासाठी व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरची कायमची साठवण, जोडा, नाहीतर कंटेनर नव्याने बनवताच सगळे वर्कफ्लो (जोडलेल्या कामांच्या साखळ्या) जातात. एन्क्रिप्शन की (साठवलेली लॉगिन उघडणारी गुप्त किल्ली) वेगळी जपून ठेवा. टाइमझोन मुळात न्यूयॉर्कचा असतो, तो कोलकाता करा. आणि दर सात दिवसांनी गूगलचं लॉगिन तुटत असेल तर गूगलशी जोडणीसाठी गूगल क्लाउडमध्ये तुम्ही बनवलेलं अ‍ॅप अजून ‘टेस्टिंग’मध्ये आहे, ते ‘प्रॉडक्शन’मध्ये न्या.

विदेशी पाहुणे आल्यावर त्यांच्या माहितीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत भरावा लागतो. त्याची आठवण टूलकडून करून घ्या, पण पासपोर्टचे फोटो त्यातून फिरवू नका.