राजारामपुरीतला ब्रिटिश-अमेरिकन ग्राहक समजावणारा क्लास, आठ रविवारांचा माझा अनुभव

आधीच सांगतो, फाउंड्री किंवा मशीन शॉपमध्ये एक्स्पोर्टचं काम बघत असाल तर डोळे झाकून जा. नुसतं फाडफाड इंग्रजी बोलायला शिकायचं असेल तर इथं जाऊ नका, त्यासाठी कोल्हापुरात दुसरे लै क्लास आहेत. इथं ग्रामर नाही, स्पेलिंग पाठ करणं नाही. ब्रिटिश माणूस आणि अमेरिकन माणूस एकमेकांकडं कसं बघतात, त्यांचं एकमेकांशी कुठं फाटतं आणि आपण त्या दोघांच्या मधी सापडलो की काय करायचं, एवढंच शिकवतात. फी साडेसहा हजार, आठ रविवार, सकाळी साडेआठ ते अकरा.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मार्केटिंग बघतो, बारा वर्षं झाली. आमचे बाहेरचे मोठे ग्राहक दोन, एक इंग्लंडातला पंप करणारा आणि एक अमेरिकेतला व्हॉल्व्ह करणारा. गेल्या वर्षी इंग्लंडवाल्याला पंप हाउसिंगचं, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचं सँपल पाठवलं, त्यांचा मेल आला की सँपल क्वाइट गुड आहेत, सरफेस फिनिशकडं जमलं तर जरा बघावं. आम्ही खूश, मालकांनी पेढे आणले, आणि त्याच फिनिशमध्ये आम्ही पुढचे चारशे नग ओतून पाठवून दिले. सगळे रिजेक्ट. आणि रिजेक्टच्या त्या मेलमध्येसुद्धा एक वाकडा शब्द नाही, आम्ही थोडे निराश झालो आहोत एवढंच. मला तेव्हा मनापासून राग आलेला, की ही माणसं तोंडावर गोड बोलतात आणि मागनं माल परत करतात. मोल्डिंगच्या मिस्त्रींना काय तोंड दाखवायचं कळत नव्हतं, त्यांनी उन्हाळ्यात भट्टीपुढं उभं राहून केलेलं काम होतं ते.

पहिल्याच रविवारी सरांनी फळ्यावर तो शब्द लिहिला. क्वाइट. अमेरिकन माणूस क्वाइट गुड म्हणाला तर त्याला खरंच चांगलं म्हणायचं असतं, आणि ब्रिटिश म्हणाला तर बहुतेक वेळा 'बरं आहे, पण अजून पाहिजे' असा अर्थ. आणि 'जमलं तर जरा बघावं' म्हणजे हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी तिथंच पेन खाली ठेवलं. माणूस खोटं बोलला नव्हता, त्यानं त्याच्या भाषेत स्पष्ट सांगितलं होतं, आम्ही ते अमेरिकन कानानं ऐकलं होतं. आमचा कान तसा झालाय कारण सिनेमे अमेरिकेचे, सॉफ्टवेअर अमेरिकेचं, आणि स्पेलिंग मात्र शाळेपासनं ब्रिटिश, त्यामुळं आपल्याला वाटतं आपल्याला दोन्ही कळतं.

सर स्वतः बर्मिंगहॅमकडं सहा वर्षं आणि नंतर डेट्रॉइटकडं नऊ वर्षं नोकरी करून परत आलेत, म्हणून त्यांचं बोलणं पुस्तकी वाटत नाही. ते म्हणतात ब्रिटिशाच्या डोक्यातला अमेरिकन म्हणजे मोठ्यानं बोलणारा, पहिल्या भेटीत खांद्यावर हात टाकणारा, पगार-घर-गाडीचे आकडे सहज सांगणारा, सगळ्यालाच ऑसम म्हणणारा, त्यामुळं त्याचं कौतुक किती खरं हे ब्रिटिशाला समजत नाही. आणि अमेरिकनाच्या डोक्यातला ब्रिटिश म्हणजे हुशार वाटणारा उच्चार, राजघराणं, खराब दात, बेचव जेवण, आणि मनातलं कधी न सांगणारा थंड माणूस. ब्रिटिश माणूस स्वतःला कमी लेखून बोलतो, मला काय फारसं जमत नाही म्हणतो, ती त्यांच्याकडची रीत, आणि अमेरिकनाला ते शब्दशः खरं वाटतं, मग तो म्हणतो जमत नाही तर ह्याला कामावर ठेवलाय कशाला. उलट अमेरिकन स्वतःचं काम सरळ सांगतो तर ब्रिटिशाला ती बढाई वाटते. दोघंही सभ्यपणेच वागत असतात हो, पण सभ्यपणा कशाला म्हणायचं हेच वेगळं आहे.

हे समजवायला सरांनी पुणे-कोल्हापूर घेतलं, ब्रिटिश म्हणजे पुणेकर आणि अमेरिकन म्हणजे आपण, मोकळे आणि मोठ्या आवाजाचे. वर्गात सगळे हसले, पण मला हे पटलं नाही आणि मी उठून सांगितलं. पुण्याची पाटी नको असलेलं तोंडावर सांगते, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये म्हणजे नये. ब्रिटिश माणूस तीच पाटी लिहील तर आधी माफी मागेल. आणि अमेरिकनसुद्धा आपल्यासारखा सरळ नाही, तो वाईट बातमी दोन कौतुकांच्या मधी ठेवून देतो, ग्रेट जॉब टीम, फक्त इथं सुधारणेला संधी आहे, बाकी फँटास्टिक. ती संधी म्हणजे रिजेक्शनच असतं. कोल्हापूरकर असला तर म्हणेल हे चालणार नाही, परत करा, आणि चहा घेऊन जा. सरांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी स्वतःहून म्हणाले की तुलना अर्धीच बरोबर होती. असा मास्तर मला आवडतो.

तिसरा आणि चौथा रविवार इतिहासाचा, आणि माझ्या मते सगळ्यात भारी हेच दोन. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात फेकला हे शाळेत वाचलेलं असतंय, पण तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, म्हणजे ज्या कंपनीनं आपल्याकडं राज्य केलं तीच, हे कधी डोक्यात जोडलंच नव्हतं. १७७६ ला अमेरिकेचं स्वातंत्र्य जाहीर झालं तरी भांडण मिटलं नव्हतं, १८१४ ला ब्रिटिश सैन्यानं वॉशिंग्टनमध्ये शिरून व्हाइट हाउस जाळलं. आणि हेच दोन देश पुढं शंभर-सव्वाशे वर्षांनी एका बाजूनं लढले.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या स्वारीआधी सुमारे १५ लाख अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये येऊन राहिले होते. अमेरिकेच्या युद्धखात्यानं १९४२ मध्ये ह्या पोरांसाठी एक छोटी पुस्तिका काढली, ब्रिटनमध्ये कसं वागायचं ह्याची. सरांनी त्यातलं वाचून दाखवलं आणि मला ते फार मनाला लागलं. पैशाचा तोरा दाखवू नका, तुमचा पगार त्यांच्या सैनिकापेक्षा खूप जास्त आहे. ते कमी बोलतात म्हणजे तुमच्यावर रागावलेत असं नाही. त्यांच्या राजाला नावं ठेवू नका. त्यांची घरं रंगवलेली नाहीत, कपडे जुने आहेत कारण ते कधीपासनं युद्ध सोसतायत. त्यांना कॉफी जमत नाही आणि तुम्हाला चहा जमत नाही, फिट्टंफाट. एका सरकारनं आपल्या पोरांना दुसऱ्या देशाची माणसं इतक्या आपुलकीनं समजावून सांगावीत हे मला आवडलं. आणि तरीसुद्धा ब्रिटिश लोक ह्या पाहुण्यांना म्हणायचेच, की पगार जादा, बायकांवर डोळा, आणि वर येऊन बसलेत आमच्याच दारात.

ब्रिटनचे युद्धातले पंतप्रधान चर्चिल ह्यांनी लिहून ठेवलेला किस्सा पण इथलाच. त्यांची आई अमेरिकन, ब्रुकलिनची, म्हणजे ह्या माणसाला दोन्हीकडचं कळायला पाहिजे होतं. पण युद्धाच्या एका बैठकीत ब्रिटिशांना एक मुद्दा टेबल करायचा होता आणि अमेरिकन म्हणाले अजिबात टेबल करायचा नाही, बराच वेळ वाद. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकन इंग्रजीत बाजूला ठेवून देणं. दोघांनाही तो मुद्दा चर्चेला हवाच होता! हे ऐकल्यावर मला चारशे हाउसिंगचं दुःख जरा कमी झालं.

आता आपल्या धंद्याचं. एसजी आयर्न आणि डक्टाइल आयर्न हे एकच, ग्रॅफाइट गोल केलेलं बीड, हे उद्यमनगरातल्या पोरालाही माहीत आहे, पण दोन नावं का ते मला क्लासमुळं शोधावंसं वाटलं आणि वर्गात मीच सांगितलं. १९४८ ला अमेरिकन फाउंड्रीवाल्यांच्या अधिवेशनात ब्रिटिश संशोधक मोरोग ह्यांनी सेरियम घालून बिडातलं ग्रॅफाइट गोल करता येतं हे मांडलं, आणि तिथंच इंटरनॅशनल निकेल कंपनीवाल्यांनी सांगितलं की आम्ही तेच मॅग्नेशियम घालून केलंय. धातू एक, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या समोर, आणि नावं मात्र आजपर्यंत दोन चालू आहेत. आज आम्ही सगळे मॅग्नेशियमच वापरतो. इंग्लंडच्या कोटेशनला एसजी लिहायचं आणि अमेरिकेच्या कोटेशनला डक्टाइल, ग्रेचं स्पेलिंग एकीकडं ई-नं, एकीकडं ए-नं, मोल्डमध्ये यू घालायचा की नाही, ही बारीक गोष्ट वाटते पण समोरच्याला कळतं की ह्यानं आपल्यासाठी लिहिलंय, दुसऱ्याचं कॉपी करून पाठवलेलं नाही. हे यू काढायचं काम मुळात अमेरिकन कोशकार वेब्स्टर ह्यांनी मुद्दाम केलं, त्यांची मोठी डिक्शनरी १८२८ ची, नव्या देशाची भाषा वेगळी दिसली पाहिजे म्हणून.

टनाचं तर लिहूनच ठेवा. अमेरिकेचा टन २००० पौंडाचा म्हणजे ९०७ किलो, ब्रिटनचा जुना टन २२४० पौंडाचा म्हणजे १०१६ किलो, आणि आपला १०००. तारीख आकड्यात लिहायचीच नाही, ०५/०६ म्हणजे इंग्लंडात ५ जून आणि अमेरिकेत ६ मे, महिना अक्षरात लिहा. ड्रॉइंग हातात आलं की आधी फर्स्ट अँगल आहे का थर्ड अँगल (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती) ते चिन्ह बघा, अमेरिकेचं थर्डच असतं, इंग्लंडकडनं दोन्ही येतात, आणि चुकलं तर आख्खा पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, उलटा होतो.

आता जे पटलं नाही ते. बॅच फार मोठी घेतलीय, बावीस जण आणि एक खोली, मागं बसणाऱ्याला फळा दिसत नाही. दोन रविवार प्रोजेक्टर बंद होता. गाडी लावायला जागा नाही, चारचाकी आणूच नका. सहावा रविवार नुसता खाण्यापिण्यावर आणि टिपवर घालवला, अमेरिकेत हॉटेलात १५ ते २० टक्के द्यायचे आणि इंग्लंडात बिलात सर्व्हिस चार्ज लागलाय का बघायचं, हे दहा मिनिटांत संपणारं काम होतं. इंग्लिश, स्कॉटिश आणि वेल्श माणूस ह्यातला फरक फक्त तोंडी सांगून सोडला, आणि ग्लासगोच्या माणसाला इंग्लिश म्हटलं तर काय होतं हे आमच्या क्षेत्रात कळायला पाहिजे. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हे दोघं एकमेकांकडं कसं बघतात ते सगळं झालं, पण दोघंही आपल्याकडं कसं बघतात त्यावर एक शब्द नाही. आपण प्रत्येक गोष्टीला येस सर म्हणतो आणि मग तारीख चुकते, त्यावर ते काय म्हणत असतील? मी शेवटच्या दिवशी सरांना हे बोललो, ते म्हणाले नववा रविवार वाढवतो.

पण साडेसहा हजार वसूल झाले का, तर झाले. शेवटच्या रविवारी माल दहा दिवस उशिरा जाणार ही एकच बातमी दोघांना लिहायला लावली. अमेरिकेच्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत नवी तारीख आणि आम्ही काय करतोय ते, इंग्लंडच्या मेलमध्ये आधी दिलगिरी, मग कारण, मग तारीख, आणि कुठंही उगाच मोठे शब्द नाहीत. पुढच्याच महिन्यात आमचं कोअर शॉप (साच्यातले वाळूचे गाभे करायचा विभाग) चार दिवस बंद पडलं आणि हे खरंच लिहायला लागलं. अमेरिकेवाल्याचं उत्तर लगेच आलं, थँक्स फॉर द हेड्स अप, म्हणजे आधी कळवल्याबद्दल आभार. इंग्लंडवाल्यानं दोन दिवसांनी लिहिलं की आयडियल नाही पण समजू शकतो. आयडियल नाही म्हणजे त्याला चांगलंच टोचलंय हे आता मला कळतं, म्हणून मी त्याच दिवशी फोन केला आणि निम्मा माल विमानानं पाठवायची तयारी दाखवली. ऑर्डर चालू आहे.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं कळलंय. जाणार असाल तर आपल्या कंपनीतले चार-पाच जुने मेल, ग्राहकाचं नाव खोडून, प्रिंट काढून न्या, सर त्यावरच शिकवतात, आणि सव्वाआठला पोचा म्हणजे पुढची खुर्ची मिळंल.